ओम्माची तालीम

तिघींना इंग्रजी येत नाही, आणि तिघी इंग्रजी गाणं पाठ करताहेत. हे १९५३ सालचं सोल. भिंतीला टेकून बसा, इथे तुमची कुणालाच अडचण नाही. तबकडी फिरते, एक ओळ वाजते, आई सुई उचलते. मुली ती ओळ जशी कानावर पडली तशी म्हणून दाखवतात. पुन्हा सुई, पुन्हा ओळ. अर्थ कुणी विचारत नाही, कारण सांगणारं कुणी नाही. आपल्याकडे चार वर्षांचं पोर आजीच्या मांडीवर बसून रामरक्षा म्हणतं, अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी नाद तोंडात बसतो, तसंच हे चाललंय. इथलं गाणं मात्र 'ओल् बटरमिल्क स्काय' आहे, आणि पाठांतर कच्चं राहिलं तर घरात तांदूळ येणार नाही.

आईचा हात बघा. तो मांडीवर ठेका धरून आहे आणि कुणाचा सूर उतरला की थांबतो. थोरली सुक-जा पंधराच्या आतबाहेरची. ए-जा तिच्या पाठची. मिन-जा सगळ्यांत धाकटी. पहिल्या दोघी आईला 'ओम्मा' म्हणतात, मिन-जा मात्र 'गोमो' म्हणते, कारण ही तिची आत्या. मिन-जा ही संगीतकार ली बोंग-र्योंगची मुलगी, म्हणजे त्या दोघींची मामेबहीण. मंचावर हा फरक पुसून टाकला जाईल. तिथे तिघी 'किम सिस्टर्स', बास.

खिडकीतून बाहेर नजर टाकली तर शहराची अवस्था कळते. कोरियन युद्धात, जून १९५० ते मार्च १९५१ या नऊ महिन्यांत, सोल चार वेळा एका सैन्याकडून दुसऱ्याकडे गेलं. या कुटुंबाचं घर बाँबहल्ल्यात पडलं. घरातला कर्ता पुरुष किम हे-सोंग, जॅझच्या अंगानं गाणी बांधणारा, स्वतःचा वाद्यवृंद चालवणारा नामांकित संगीतकार. १९४५नंतर त्यानं के.पी.के. नावाची मंडळी उभी केली होती आणि अमेरिकी सैनिकांपुढे कार्यक्रम केले होते. उत्तर कोरियाचं सैन्य शहरात आलं तेव्हा हाच त्याचा गुन्हा ठरला. त्याला पकडून नेलं. तो परत आला नाही. मागे राहिली ती ही बाई आणि सात मुलं.

ही बाई साधी नाही, म्हणून तालीम इथेच सोडून तुम्हाला थोडं मागे यावं लागेल.

१९३५. देश जपानच्या ताब्यात आहे. नैर्ऋत्येच्या मोकपो बंदरात जन्मलेली एकोणीस वर्षांची ली नान-यंग एक गाणं ध्वनिमुद्रित करते, 'मोकपोचे अश्रू'. गाणं विरहाचं आहे, निदान वरून तरी. पण ऐकणारे लोक त्यात गमावलेला देश ऐकतात आणि ते गाणं घरोघर जातं. आणखी चार वर्षं पुढे या, १९३९मध्ये. ओके रेकॉर्ड्स या कंपनीच्या मंडळीत काही गायिका कोरियन पेहराव करून एकत्र गाताहेत. गटाचं नाव जेओगोरी सिस्टर्स. कोरियातला पहिला गर्ल ग्रुप कोणता, हा प्रश्न निघाला की अभ्यासक यांच्याकडे बोट दाखवतात. त्या रांगेत नान-यंग उभी आहे. नीट बघून घ्या तिला. चौघी-पाचजणींनी एका सुरात कसं यायचं, कुणी पुढे व्हायचं, कुणी मागे राहून आवाजाला आधार द्यायचा, हे सगळं ती इथे अंगात मुरवून घेतेय. चौदा वर्षांनी तेच ज्ञान तिच्या मुलींना भात मिळवून देणार आहे.

आता परत १९५३. रात्र आहे. लष्करी ट्रकच्या हौद्यात तिघी अंग चोरून बसल्यात, तुम्हीही चढा. रस्ता म्हणजे गोठलेला चिखल. छावणीत एका मोठ्या तंबूत दिवे लागलेत, आत सिगारेटचा धूर आणि ओल्या लोकरीचा वास. शंभर-दोनशे शिपाई बाकांवर बसलेत, बहुतेकांची वयं विशीच्या आसपास. मुली पुढे येतात. गाणं सुरू होतं आणि पहिल्या दोन ओळींतच बाकांवर हालचाल होते. हे गाणं अमेरिकेत १९४६ साली सगळ्यांच्या तोंडी होतं. समोरच्या पोरांनी ते शाळेत असताना रेडिओवर ऐकलंय. मग 'कँडी अँड केक'. शब्द अगदी स्वच्छ, हार्मनी पक्की, आणि गाणाऱ्या मुलींना आपण काय म्हणतोय याचा पत्ता नाही. शिपायांना हे माहीत नाही. ते उठून उभे राहतात, शिट्ट्या मारतात, आणखी एक म्हणा म्हणून ओरडतात.

बिदागी पैशांत मिळत नाही. चॉकलेटं मिळतात, बिअर मिळते, व्हिस्कीच्या बाटल्या मिळतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आईबरोबर काळ्या बाजारात जा. बाटली कापडात गुंडाळलेली आहे. घासाघीस कमी शब्दांत होते, बाटली एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि पिशवीत तांदूळ पडतो. कोरियन पॉपच्या जागतिक व्यापाराबद्दल आज भरभरून लिहिलं जातं. माझ्या मते त्या व्यापाराचा पहिला हिशोब या पिशवीत आहे.

मराठी वाचकाला हे युद्ध फार दूरचं वाटत असेल तर इथून उत्तरेकडे बघा. २७ जुलैला युद्धविराम झालाय आणि त्याच शरद ऋतूत भारतीय जवान निःसैनिकी पट्ट्यात उतरताहेत. मायदेशी जायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांना सांभाळण्याचं अवघड काम त्यांच्याकडे आहे. त्या दलाचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूरकडचे. राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्ही भारतीय शिपायांना दक्षिण कोरियाच्या मातीला पाय लावू द्यायला तयार नाहीत, म्हणून त्यांना इंचॉनहून हेलिकॉप्टरनं वरच्यावर नेलं जातंय. बंदी, तंबू, चिखल, थंडी हे सगळं थोरातांच्या माणसांनी त्याच महिन्यांत अनुभवलं, ज्या महिन्यांत या तिघी तंबूतंबूंतून गात होत्या.

पुढची पाच वर्षं भराभर ओलांडा. अमेरिकेच्या आठव्या सेनेचं ठाणं सोलमध्ये कायमचं झालं, तंबूंच्या जागी क्लब आले, अधिकाऱ्यांचे वेगळे आणि शिपायांचे वेगळे. कार्यक्रम करणाऱ्यांची परीक्षा घेऊन प्रतवारी ठरू लागली आणि प्रतवारीवर कमाई. कोरियन रॉकचा जनक म्हणून पुढे ओळखला गेलेला गिटारवादक शिन जुंग-ह्यन याच वर्तुळातून वर आला. परदेशी श्रोत्याला काय आवडतं ते कान देऊन ऐकायचं, हुबेहूब उचलायचं, मग त्यात आपलं घालायचं, हे शिक्षण एका अख्ख्या पिढीला या क्लबांनी दिलं. किम सिस्टर्सचं नाव इथे अव्वल आहे, आणि ते समुद्रापलीकडे टॉम बॉल नावाच्या अमेरिकी एजंटपर्यंत पोचतं. १९५८मध्ये तो करार घेऊन येतो.

निघण्यापूर्वीचे दिवस मात्र घाईनं सोडू नका. घरात चाललंय काय ते बघा. ओम्माला ठाऊक आहे की छान गाणाऱ्या मुली अमेरिकेत पुष्कळ आहेत. तिथे या तिघींना वेगळं दिसायचं तर हातात वाद्यं हवीत. म्हणून सॅक्सोफोन, ड्रम, बास, बँजो, आणि त्याबरोबरच मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं आपलं बारा तारांचं गायागम. एकीच्या बोटांना फोड आलेत. दुसरीचा ओठ सॅक्सोफोननं सुजलाय. आई कुरवाळत नाही, पण रात्री दिवा मालवायलाही सर्वांत शेवटी तीच उठते. शिवाय तिनं नियम घालून दिलेत. तिघींनी सदैव एकत्र राहायचं. मुलांच्या प्रेमात पडायचं नाही. एक फुटली की गट संपला.

आजच्या कोरियन पॉप कंपन्यांचं याच गोष्टींसाठी नाव होतं आणि बदनामीही होते. वर्षानुवर्षं तालीम, परकी भाषा, चाल-बोल-हसण्यावर पहारा, प्रेमप्रकरणांना बंदी. मला या बंद्या कोणत्याच काळात पटलेल्या नाहीत. पण नान-यंगच्या घरात उभं राहिलं की एक फरक टोचतो. कंपनी मुलीचं आयुष्य आखते ते गुंतवणूक वसूल व्हावी म्हणून. या बाईनं नवरा गमावलाय, घर गमावलंय, आणि आता ती तीन मुलींना एका अनोळखी खंडावर एकटं पाठवतेय. तिच्याकडे त्यांच्यासाठी दुसरं कोणतंच संरक्षण नाही. नियम एकच दिसला तरी तो कुणाच्या भीतीतून आला, याला मी महत्त्व देतो.

जानेवारी १९५९, लास वेगास. कोट घट्ट ओढा, वाळवंटातही या महिन्यात रात्री थंडी असते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निऑनचे फलक इतके की आकाशातला काळोख दिसत नाही. थंडरबर्ड हॉटेलच्या दारावर जाहिरात आहे, 'चायना डॉल रेव्ह्यू'. करार सुरुवातीला चार आठवड्यांचा. आवडलं तर पुढे, नाहीतर परतीचा रस्ता.

आत जा. कोरियन मुलींना चिनी चिआँगसाम घातलाय आणि वर बाहुलीचं नाव दिलंय. प्रेक्षकांना चीन, जपान, कोरिया सारखेच. कायदाही त्यांना फारसं वेगळं मानत नाही. १९५२च्या स्थलांतर कायद्यानं कोरियाच्या वाट्याला वर्षाला १०० माणसांचा कोटा आलाय. या झगमगत्या रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलांत काळे कलाकार रात्री टाळ्या घेतात आणि झोपायला शहराच्या पश्चिमेकडच्या वस्तीत जातात. हा भेद मोडायला मार्च १९६० उजाडावा लागला. अशा गावात तीन मुली रोज रात्री मंचावर येतात. इंग्रजी अजून तोडकंमोडकं. जेवण घशाखाली उतरत नाही, किमचीची आठवण रोज येते. पुढे त्यांनी किमची आणि मुळ्याच्या काकदुगीवर एक अख्खं गाणंच म्हटलं, इतकी ती आठवण खोल गेली.

पण मंचावरच्या त्यांच्या पाच मिनिटांकडे बघा. सुरुवात हानबोक या कोरियन पेहरावात, संथ, हात जोडून, प्रेक्षकांना हवा असतो तसा दूरचा देश. मग एकदम लय बदलते. मिन-जा ड्रमच्या मागे जाते, ए-जा बास उचलते, सुक-जा सॅक्सोफोन ओठांना लावते, आणि मघाच्या बाहुल्या खणखणीत वाजवायला लागतात. गाण्याच्या मध्येच वाद्यांची अदलाबदल होते आणि ठेका कुठेही तुटत नाही. तुमच्या शेजारच्या टेबलावरचा माणूस घास हातात धरून थांबलाय. त्याला बाहुलीच बघायची होती. त्याच्यासमोर तीन पक्क्या वादक उभ्या आहेत. वेगासनं त्यांना दिलेली चौकट त्यांनी तोडली नाही, तोडण्याची ताकदही त्यांच्यापाशी नव्हती. त्या चौकटीत राहून तिला पुरून उरल्या.

चार आठवडे संपले, मुदत वाढली. थंडरबर्डनंतर स्टारडस्ट हॉटेल. आणि सप्टेंबर १९५९मध्ये 'एड सुलिव्हन शो'.

ज्यांनी भारतात एकाच दूरदर्शन वाहिनीचा काळ पाहिलाय त्यांना या कार्यक्रमाचं वजन चटकन कळेल. दर रविवारी रात्री आठ वाजता सीबीएसवर अर्धी अमेरिका एकत्र बसायची. एल्विस प्रेस्ली इथे येऊन गेला होता. बीटल्स १९६४मध्ये यायचे होते, तेव्हा ७ कोटी ३० लाख लोकांनी त्यांना पाहिलं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचा तो स्टुडिओ ५०. किम सिस्टर्स या कार्यक्रमात एकूण २२ वेळा आल्या. एकदा नवल म्हणून बोलावतात, दोनदा कौतुक म्हणून. बाविसाव्या वेळेला बोलावतात ते काम चोख होतं म्हणून. फेब्रुवारी १९६०च्या 'लाइफ' साप्ताहिकात त्यांची छायाचित्रं आली, तबकड्या निघाल्या, देशभर दौरे झाले. पैसे सोलला जात राहिले.

१९६३. आज स्टुडिओत मागच्या रांगेत जागा धरा, कारण आज चौथी व्यक्ती येणार आहे. ओम्मा. तिला अमेरिकेत आणलंय आणि सुलिव्हनच्या मंचावर ती मुलींबरोबर उभी आहे. तिच्या अंगावर हानबोक, शेजारी तीन मुली. कॅमेऱ्याकडे बघून मुली सराईतपणे हसतात. ती मुलींकडे बघते. आवाज अजून तोच आहे, ज्यानं मोकपो रडलं होतं. समोर बसलेल्यांना तो आवाज कुणाचा, हे माहीत असण्याचं कारण नाही. त्यांच्यासाठी ती त्या गोड मुलींची आई. मला हे दृश्य पाहताना दरवेळी वाटतं, कुणीतरी उठून सांगायला हवं होतं की बाबांनो, या तिघींच्याही आधी ही गात होती, हिचा गट यांच्याही आधीचा आहे.

एप्रिल १९६५मध्ये ली नान-यंग कोरियात वारली. वय पन्नासच्याही आत. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष जॉन्सननं स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याशी बसून नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली आणि तो १०० माणसांचा कोटा इतिहासजमा होण्याच्या मार्गाला लागला. पुढच्या दशकांत कोरियन कुटुंबं हजारोंनी कॅलिफोर्नियात उतरली, दुकानं टाकली, मुलं वाढवली.

बहिणींचं पुढचं थोडक्यात. १९७०मध्ये त्या मायदेशी कार्यक्रम करायला परतल्या. आईचा नियम काळानं सैल केला, लग्नं झाली. मिन-जानं टॉमी विग या हंगेरियन जॅझ वादकाशी लग्न केलं आणि उतारवयात बुडापेस्टला जाऊन राहिली. १९८७मध्ये ए-जा कर्करोगानं गेली. सुक-जा नेवाडातच राहिली. कोरियात मधल्या पिढीनं त्यांना जवळजवळ विसरून टाकलं. २०१५मध्ये त्यांच्यावरचा माहितीपट जेचॉनच्या चित्रपट महोत्सवात उद्घाटनाला दाखवला गेला, तेव्हा कित्येक तरुणांनी हे नाव प्रथमच ऐकलं. त्या माहितीपटाला कोरियनमध्ये नाव दिलं ते नान-यंगच्या १९३९च्या एका गाण्याचं. चाल तिच्या नवऱ्याची, त्याच किम हे-सोंगची.

दरम्यान २००९मध्ये वंडर गर्ल्स हा कोरियन गट 'नोबडी' या गाण्यासह बिलबोर्डच्या हॉट १००मध्ये शिरला, ७६व्या स्थानी. त्या गाण्याचे चमचमते झगे आणि केशरचना १९६०च्या दशकातल्या अमेरिकी गायिकांच्या धर्तीवर होत्या. वृत्तपत्रांनी नव्या युगाची पहाट वगैरे लिहिलं.

आता शेवटचा मुक्काम, ३१ जानेवारी २०१२. पुन्हा न्यूयॉर्क, पुन्हा ब्रॉडवे, पुन्हा तीच इमारत. स्टुडिओ ५०ला १९६७पासून एड सुलिव्हन थिएटर म्हणतात आणि तिथे आता डेव्हिड लेटरमनचा रात्रीचा कार्यक्रम होतो. आज गर्ल्स जनरेशन या कोरियन गटाच्या नऊजणी 'द बॉईज' गाणार आहेत, इंग्रजीत. २००७मध्ये पदार्पण करण्याआधी यांतल्या कुणी पाच, कुणी सात वर्षं तालीम केलीय. यांच्यातल्या तिघी, जेसिका, टिफनी आणि सनी, कॅलिफोर्नियात जन्मलेल्या आहेत. त्यांना हे शब्द कानानं उचलून घोकावे लागलेले नाहीत. मंचाच्या कडेला बाकीच्या सहाजणी ओठांतल्या ओठांत ओळी म्हणून बघताहेत.

तुमच्या शेजारच्या खुर्चीत एक तरुण मुलगी आहे, हातात गुलाबी फलक, बहुधा क्वीन्सहून आलेली. ती उत्साहानं तुमच्याकडे वळून म्हणते, कोरियन मुली या मंचावर येण्याची ही पहिलीच वेळ ना? गाणं सुरू व्हायला अजून दोन मिनिटं आहेत, तेवढा वेळ पुरेसा आहे. तिला सांगा, इथे सुक-जा सॅक्सोफोन घेऊन उभी राहायची, ए-जा बास घेऊन, मिन-जा ड्रमवर. त्या २२ वेळा आल्या. आणि १९६३मध्ये एकदा त्यांची आईही आली होती. तिचं नाव ली नान-यंग.